भागरथाबाईंच्या गोष्टीचा शेवट

गोष्ट माझी नव्हती. तिचा शेवट तर माझा नव्हताच. तरी दोन्ही मी एका पाकिटात घातली, वर तिकीट लावलं आणि नागपूरला रेडिओकडे पाठवून दिली. पाच वर्षांपूर्वीच्या वेचणीच्या दिवसांत माझ्या हातून झालेली चूक ती ही. निदान आजवर मी स्वतःला असंच सांगत आलो. पण यंदा कपाशी फुटली, आबाजींच्या जुन्या गोष्टी रेडिओवर पुन्हा लागू लागल्या, आणि आपण नेमकं चुकलो कुठे हेच मला उमगेनासं झालं. पाकीट टाकलं तिथे, की त्याआधी एका दिवशी माझ्याच वर्गात, की त्याहूनही आधी कुठेतरी? अपराध केलेल्या माणसाला आपला अपराध तरी धड ओळखता यावा. मला तेवढंही जमत नव्हतं.

मी सेलूपासून तीन कोसांवरच्या एका गावात मास्तर आहे. पंचेचाळिशी उलटली. गावाला सरकारकडून रेडिओचा संच मिळाला तेव्हा लिहिता-वाचता येणारा आणि संध्याकाळी हमखास गावात सापडणारा माणूस म्हणून त्याची किल्ली माझ्याकडे आली. संच केवढा थोरला! एक लाकडी पेटी, तिच्याशेजारी दुसऱ्या पेटीत बॅटरी, आणि दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली तार. संध्याकाळी खेड्यांसाठीचा कार्यक्रम लागायच्या वेळी कुलूप काढायचं, बटण फिरवायचं, कार्यक्रम संपला की पुन्हा कुलूप. महिनाअखेर गावकरी काय म्हणाले ते कागदावर लिहून नागपूरला कळवायचं. त्या कार्यक्रमात दर बुधवारी आबाजी गोष्ट सांगत. पिकांचे भाव आणि खतांची माहिती ऐकायला दहा माणसं असत, आबाजींना ऐकायला दीडशे.

आबाजी गेल्या उन्हाळ्यात वारले. दिवाळीनंतर रेडिओवर सांगितलं की त्यांच्या ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या गोष्टी आता पुन्हा ऐकवू. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकायची आमच्या गावाला सवय नाही. पहिल्या बुधवारी पेटीतून ते ओळखीचं खाकरणं आलं, तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. गोष्ट संपेपर्यंत ती त्याने घातली नाही.

मी गोंधळलो तो वेगळ्याच कारणाने. माझ्या आठवणीतले आबाजी तोंडपाठ सांगत. समोर बसून, आमच्या डोळ्यांत बघून सांगत असल्यासारखे. आता ऐकतो तर मधूनच कागद उलटल्याचा आवाज येतो. म्हणजे ते वाचत होते? की कागद तेव्हाही वाजत होता आणि मीच तो ऐकला नव्हता? एका गोष्टीत म्हातारी शेवटी पोटभर हसते असं मला पक्कं आठवत होतं. बायकोला तसं सांगूनही ठेवलं होतं. गोष्ट लागली, संपली, म्हातारी हसलीच नाही. दुसऱ्या एका गोष्टीतला वाघ मला पिवळाजर्द आठवत होता. आबाजींनी वाघाचा रंग सांगितलाच नव्हता. माझी आठवण अशी दर बुधवारी दीडशे माणसांसमोर खोटी पडू लागली. त्यांना ते कळत नव्हतं, मला कळत होतं. आणि मग भीती वाटू लागली, कारण यातल्याच एखाद्या बुधवारी ती गोष्ट येणार होती.

आमच्या शाळेची मागची भिंत आणि पाटलांचं वावर यांच्यामध्ये फक्त एक काटेरी कुंपण आहे. वेचणीच्या दिवसांत वर्गातल्या पाढ्यांवर बायकांचे आवाज चढतात. सकाळी पऱ्हाटीवर दंव असतं. ओला कापूस वेचत नाहीत, म्हणून बायका बांधावर ऊन खात बसतात. दंव उडालं की कमरेला ओटी बांधायची, एकेकीने एकेक ओळ धरायची आणि वाकून पुढे सरकायचं. वाळलेल्या पाल्याचा वास, उघड्या बोंडांवर पडलेलं ऊन, इतकं पांढरं की खिडकीतून बघताना डोळे बारीक करावे लागतात. पोटाशी बांधलेल्या ओट्या फुगत जातात, आणि संध्याकाळी सगळ्या बायका एकाच वेळी गरोदर असल्यासारख्या दिसतात. हा विनोद माझा नाही, त्यांचाच आहे. तो ऐकून फळ्याकडे तोंड केलेलं मला आठवतं.

भागरथाबाई मधल्या ओळीत असायच्या. तेव्हाच पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, कोरड्या अंगाच्या. त्यांना कुणी मुकादम नेमलं नव्हतं, पण त्या ज्या वावरात जात तिथे पंधरा-वीस बायका आपण होऊन जात. कारण त्यांची गोष्ट. पहिल्या वेचणीला वावरात पाच दगड मांडून दहीभात शिंपडत. त्या दिवशी गोष्ट सुरू व्हायची. रोज थोडी थोडी. ऊन डोक्यावर आलं की जिथे असेल तिथे थांबवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलायची. पहिली वेचणी, दुसरी, तिसरी, अशी गोष्ट कापसाबरोबर पुढे सरके. शेवट फरतडीला, म्हणजे झाडांवर मागे राहिलेला चुकार कापूस वेचून रान मोकळं करतात त्या दिवशी. शेवट ऐकायचा तर फरतडीपर्यंत त्यांच्याबरोबर राहायला हवं. आणखी एक नेम होता. ओळीतल्या बायकांनी पाळीपाळीने ‘हूं’ म्हणायचं. हूं आला नाही की गोष्ट जागीच थांबली.

“का वो अंजने, झोपली का काय?”

“नाई वो मावशी. बोंड टोचलं नखात.”

“नखात टोचलं त तोंड काऊन बंद झालं? तिकडे सावली नदीत उभी हाय, थंडीनं कापून राह्यली. हूं म्हण लौकर, म्हणजे भाईर निंगते बिचारी.”

“हूं, मावशी, हूं! काढा तिले भाईर!”

ही अंजना त्या टोळीतली सगळ्यांत तोंडाळ, नुकतं लग्न होऊन आलेली. तिच्या हसण्यावर माझा चौथीचा वर्ग खिदळायचा आणि मी छडी आपटायचो. पण कान माझेही तिकडेच. त्या वर्षीची गोष्ट सावलीची होती. एक बाई कामाला जाताना पळसाखाली निजलेल्या लेकराला ऊन लागू नये म्हणून आपली सावली तिथे ठेवून जाते. परत येते तर लेकरू आहे, सावली नाही. वाटेने गेलेल्या गाड्यांच्या तांड्याबरोबर ती निघून गेलेली. मग लेकरू कडेवर घेऊन बाई गावोगाव आपली सावली शोधत हिंडते. प्रत्येक गावात लोक तिला कुणाची ना कुणाची सावली देऊ करतात. एकीची आखूड होते, एकीची तिच्याआधीच चालायला लागते. हे सगळं मी कुंपणाअलीकडून, तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. जे तुकडे सुटले ते मी मनाने भरले. आज त्यातले कुठले त्यांचे आणि कुठले माझे, हे मला सांगता येत नाही.

संच तेव्हा देवळाच्या ओसरीवर होता. तिथे पत्र्याचं छप्पर होतं, बसायला फरशी होती, पाटलांनी तेच सुचवलं, मी होय म्हटलं. भागरथाबाईंच्या वस्तीतल्या माणसांनी देवळात यायचं नाही, ही गावची रीत. ती माणसं रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उभी राहून रेडिओ ऐकत. वारा उलटा असला की त्यांना अर्धंमुर्धंच ऐकू जाई. किल्ली माझ्याकडे होती, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मला काहीही वाटत नव्हतं. हे लिहिताना आता हात थांबतो. तेव्हा थांबला नाही.

आबाजींची पहिली गोष्ट लागली तेव्हाची गंमत सांगायला हवी. दोन वाक्यं झाल्यावर ओसरीवरून कुणीतरी सवयीने ‘हूं’ म्हटलं. रस्त्यापलीकडून बायकांचाही हूं आला. पण आबाजी त्यासाठी थांबतच नव्हते. लोक हूं म्हणत ते पुढच्या वाक्याच्या मध्येच पडे. थोड्या वेळाने सगळे एकमेकांकडे बघून ओशाळले आणि गप्प झाले. दुसऱ्या दिवशी वावरात तोच विषय.

“बुवा सांगते चांगला,” भागरथाबाई म्हणत होत्या, “पण हूं ऐकत नाई. ज्याले हूं ऐकू येत नाई, त्याले समजते कसं का लोक जागे हाय?”

“त्याले पगार भेटते, मावशी,” अंजना म्हणाली. “लोक झोपले तरी भेटते.”

त्याच सुमारास नागपूरहून आम्हा किल्लीवाल्यांना पत्र आलं. आपल्या भागातल्या गोष्टी लिहून पाठवा, निवडक गोष्टी आबाजी सांगतील. ते पत्र मी किती वेळा वाचलं असेन! माझ्या मनात काय होतं? गावाचं भलं होतं, भागरथाबाईंच्या गोष्टीचा मान होता, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. तेही असेल. पण आबाजींच्या तोंडून ‘एका मास्तरांनी पाठवलेली’ हे शब्द मी अंघोळ करताना मनातल्या मनात ऐकत असे, हेही खरं.

एक दिवस मधल्या सुट्टीत कुंपणापाशी जाऊन मी त्यांना हाक मारली. तेव्हा मी त्यांना ‘तू’ म्हणायचो. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या होत्या.

“भागरथा, पुढे त्या सावलीचं काय होतं गं? शेवट सांगून टाक.”

“शेवट आत्ताच कोठचा जी? दुसरी वेचणी बी नाई झाली.”

“मला एकट्याला सांग. मी कुणाजवळ बोलत नाही.”

“एकट्याले गोष्ट सांगतेत का, मास्तर? फरतडीले या येथंच कुंपणापाशी. तुमी बी हूं म्हणजा.”

बायका हसल्या. मीही हसलो आणि चिडून परत आलो.

पुढचं सांगायला मी टाळतो आहे हे माझं मलाच दिसतं. त्यांच्या वस्तीला विहीर नव्हती. बायका नाल्याच्या झिऱ्यावरून पाणी आणत, आणि माघ लागला की झिरा आटे. वस्तीने सरकारकडे अर्ज करायचं ठरवलं, आणि तो लिहून घ्यायला भागरथाबाई शाळा सुटल्यावर माझ्याकडे आल्या. मी मन लावून लिहिला. तसा अर्ज मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही. वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले. मग घ्यायला हात पुढे केला, आणि मी कागद दिला नाही. म्हटलं, शाई वाळू दे. शाई वाळलेली होती. कागद माझ्या हातात होता. मी म्हणालो, “तेवढ्यात तो शेवट सांग ना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. मुलांच्या बसकरपट्टीवर बसल्या आणि चार वाक्यांत शेवट सांगितला. सावली एका राणीच्या महालात राहायला गेलेली असते. बाई खालून लेकराच्या नावाने हाक मारते. सावली धावत येऊन तिच्या पायांना चिकटते. दोघी घरी येतात. एवढं सांगून त्यांनी पुन्हा हात पुढे केला. या वेळी मी कागद दिला.

मी दमदाटी केली नाही. आवाज चढवला नाही. शेवट सांगितला नसता तर अर्ज दिला नसता का? दिला असता, असं मला वाटतं. पण हे त्यांना कुठे माहीत होतं? आणि त्यांना ते माहीत नाही हे मला माहीत होतं.

बुधवार आला. तिसरी वेचणी लागायची होती. आबाजी म्हणाले, आज सेलूकडच्या एका मास्तरांनी पाठवलेली गोष्ट. ओसरीवरच्या माना माझ्याकडे वळल्या. गोष्ट काय सुरेख सांगितली त्यांनी! नदीत उभ्या सावलीची हुडहुडी माझ्या अंगात भरली. शेवट झाल्यावर पाटलांनी पाठीवर थाप मारली. “मास्तर, गावाचं नाव नागपुरात पोचवलं तुमी!” कुणी गूळ आणला. मी तो खाल्ला, तोंड गोड असतानाच रस्ता ओलांडून कडुनिंबाखाली गेलो. बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या. भागरथाबाई उभ्या होत्या.

“ऐकलीस का?” मी विचारलं.

“वारा होता जी,” त्या म्हणाल्या. “शेवट तेवढा ऐकू आला.”

दुसऱ्या दिवशी वर्गात पाढे फार मोठ्याने वाटू लागले. थोड्या वेळाने कळलं की पलीकडे कुणी बोलतच नाही. कापूस ओटीत पडतो त्याला आवाज नसतो. दोन-तीन दिवसांनी बायका पांगल्या. कुणी या वावरात, कुणी त्या. शेवट कळला होता, आता मधल्या ओळीतल्या बाईपाशी राहायचं कारण उरलं नव्हतं. भागरथाबाई कडेची एक ओळ धरून वेचत राहिल्या. पुढच्या वर्षी पहिल्या वेचणीला मी खिडकी उघडी ठेवली. काही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पाच हंगाम असे मुक्याने गेले. चौथीतली जी मुलं ती गोष्ट ऐकून खिदळली ती आता हिंगणघाटला गिरणीत लागण्याच्या वयाला आली, आणि त्यांच्यामागून आलेल्या मुलांना कुंपणापलीकडे कधी गोष्ट होती हे ठाऊकच नाही.

या पाच वर्षांत पुष्कळ काही झालं. भागरथाबाईंच्या वस्तीने धम्म स्वीकारला. दगडांना दहीभात गेला, घराघरातले देव गेले. वस्तीतल्या तरुणांनी पंचायतीत उभं राहून सांगितलं की रेडिओ सरकारचा आहे, देऊळ सरकारचं नाही. तेव्हा संच उचलून शाळेच्या व्हरांड्यात आणला. ते मी आपणहून करायला हवं होतं, मी फक्त पेटीचं एक टोक धरलं. आता सगळे शाळेच्या पटांगणात बसून ऐकतात. गाव आणि वस्ती यांच्या मध्ये हातभर जागा अजून मोकळी राहते, पण रस्ता राहिला नाही. विहीरही झाली. भागरथाबाई तेवढ्या रेडिओला कधी आल्या नाहीत.

आणि मग एका बुधवारी सांगितलं: पुढच्या वेळी हरवलेल्या सावलीची गोष्ट.

घरी येऊन मी जुने कागद उपसले. पत्राची नक्कल मी ठेवली नव्हती. मी भागरथाबाईंचं नाव पत्रात लिहिलं होतं की नव्हतं? डोळे मिटले की ‘सांगणारी भागरथाबाई’ ही अक्षरं मला दिसतात, माझ्याच वळणाची. पण वाघही मला पिवळाजर्द दिसत होता. ती अक्षरं मी तेव्हा काढली, की गेली पाच वर्षं रोज थोडी थोडी काढतो आहे?

“बॅटरी उतरली म्हणून सांगा,” बायको म्हणाली. तिने सगळं ऐकून घेतलं होतं. “कोण उघडून बघणार आहे?”

मी रविवारी सकाळी जाऊन तार सोडवलीसुद्धा. हातात ती तार घेऊन व्हरांड्यात बसलो. गोष्ट चोरणं सोपं गेलं होतं, लपवणं त्याहून सोपं होतं. कुंपणापलीकडे दंव उडायची वाट बघत बायका बांधावर बसल्या होत्या. मी तार पुन्हा जोडली आणि कुंपणाला वळसा घालून वावरात गेलो.

भागरथाबाई मांडीवर किडका कापूस घेऊन चांगला निवडत होत्या. केस पार पांढरे झालेले. अंजना शेजारी, आता दोन लेकरांची आई.

“बाई, बुधवारी ती गोष्ट पुन्हा लागणार आहे,” मी म्हणालो.

“कोणती जी?”

“तुमची.”

“माह्यी कोठची? रेडिओची हाय ते.”

मी नावापासून सुरुवात केली. म्हणालो, “तुमचं नाव मी लिहिलं होतं. म्हणजे लिहिलं असं वाटतं. त्यांनी घेतलं नाही की मीच लिहिलं नाही, मला काही आठवत नाही.”

“मास्तरले बी इसरायले होते वो मावशी!” अंजनाने टाळी वाजवली. “अन् आमच्या वस्तीतल्या पोट्ट्यायले पाढा इसरला का छडी!”

“नाव कायले पाह्यजे, जी?” भागरथाबाई म्हणाल्या. “नाव त मतदार यादीत बी हाय माह्यं. त्यातून का गोष्ट निंगते?”

“मग फरतडीआधी शेवट फोडला, ते...”

“तो शेवट नव्हताच, मास्तर.”

त्यांचे हात कापसात चालूच होते.

“तुमी कागद धरून बसले होते. काहीतरी सांगणं भाग होतं. मनात आलं ते सांगतलं. खरा शेवट मांगं ठेवला होता, पोरींसाठी.”

“मग तो त्यांना का नाही सांगितला?”

“सांगतला ना. फरतडीले पाचसात जणी होत्या, त्यायले सांगतला. त हे अंजनाच म्हणे, मावशी, उगाच खोटं नका सांगू, रेडिओत असं नाई झालं.”

अंजनाचं हसू गेलं. “म्हटलं होतं मी,” ती खाली बघत म्हणाली. “पोट्टी होती मी तवा.”

“तुह्यं काय चुकलं त्यात?” भागरथाबाई तिला म्हणाल्या, आणि मग मला: “चाळीस वर्सं गोष्टी सांगत आलती मी. माह्या मायनं सांगतलेल्या, तिले तिच्या मायनं. एकीनं बी कधी खोटं म्हटलं नाई. त्या दिवशी मले बी वाटाले लागलं, का आपलंच चुकत असन. एवढा मोठा रेडिओ कसा चुकन? घरी जाऊन आठवून पाह्यलं, त दोन्ही शेवट सारखेच खरे वाटे. मंग कोणता सांगू? म्हून बंद केलं.”

नावाचा, चोरीचा, आधी फोडलेल्या शेवटाचा, असे अपराध मी पाच वर्षं उलटेपालटे करून पाहत होतो. हा त्यात कुठे नव्हताच. त्यांनी कागदाच्या धाकाने सांगितलेलं खोटं मी खरं करून टाकलं होतं, आणि त्यांच्याजवळचं खरं त्यांच्या तोंडात खोटं झालं होतं. मी ज्या गोंधळाची स्वतःशी एवढी तक्रार करतो आहे तो त्यांना मीच दिला होता. माझ्याकडे निदान किल्ली होती.

मी हात जोडले आणि काही बोलू लागलो. त्यांनी थांबवलं.

“येथं कायले म्हणता? येथं आमी सात बाया. रेडिओपाशी अख्खं गाव असते.”

“तिथे सांगू?”

“तुमचं तुमी पाहा. पण सांगान त कागदाचं बी सांगजा. अन् अर्ज तुमीच लिहिला, चांगला लिहिला, विहीर झाली, ते बी सांगजा. अर्धं नका सांगू.” मग ओटी बांधत उठल्या. “दंव उडालं, वो. चला.”

बुधवारी पटांगण भरलं. पाटील पुढे बसले होते. सूर्य नुकताच गेला होता, माणसांचे चेहरे अजून ओळखू येत होते. भागरथाबाई आल्या, अंजनाला धरून, आणि मध्ये राहते त्या हातभर मोकळ्या जागेत बसल्या. रेडिओपाशी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी कुलूप काढलं. चार दिवस एक कागद लिहून, खोडून, पुन्हा लिहून खिशात ठेवला होता. तो काढला नाही. कागद हातात धरून त्यांच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटली.

“मास्तर, लावा ना, वेळ झाली,” कुणीतरी म्हणालं.

“लावतो,” मी म्हणालो. “त्याआधी मला थोडं बोलायचं आहे. आज जी गोष्ट लागेल ती मी पाठवलेली नाही... म्हणजे पाठवली मीच, पण ती भागरथाबाईंची आहे. मी ती कुंपणाआडून ऐकली आणि न विचारता पाठवली. शेवट त्या सांगत नव्हत्या. त्यांच्या विहिरीचा अर्ज मी लिहिला, तो चांगला लिहिला, पण लिहून झाल्यावर हातात धरून ठेवला आणि शेवट काढून घेतला. तो खरा शेवट नाही. आज रेडिओत लागेल तो खरा नाही. खरा यांनी फरतडीला सांगितला होता, तो आपण कुणी मानला नाही, कारण रेडिओत वेगळा लागला होता, आणि रेडिओ मी लावला होता. भागरथाबाई, तुम्ही चाळीस वर्षं खरं सांगत आलात आणि माझ्यामुळे आपल्याच माणसांत खोट्या ठरलात. मी तेव्हा तुमच्यापाशी येऊन हे बोलायला हवं होतं. पाच वर्षं आलो नाही. मी चुकलो. मला माफ करा.”